तीन हात इतिहास

राजय्यामामांचा माग मध्येच थांबला, की आमच्या गल्लीतला माणूस आधी आपण आत्ता काय बोललो ते आठवायला लागायचा.

सांगतो. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या गल्लीत घरटी एक हातमाग होता. सकाळपासून खटाक्-खट, खटाक्-खट चालायचं. त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, पाळण्यातली पोरं गाढ झोपायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण राजय्यामामांच्या उंबऱ्यावर बसून कुणी बोलत असलं आणि बोलण्यात काही न पटणारं आलं, की त्यांचे पाय खालच्या पावड्यांवर, त्या दाबायच्या फळ्यांवर, थबकायचे, धोटा इकडून तिकडं फेकायची दोरी हातात सैल पडायची, आणि ते मान वर करून त्या माणसाकडे बघत राहायचे. रागानं नव्हे. बाहेर ऊन कुठवर आलंय ते बघावं, इतक्या सहज. तोंडानं एक अक्षर काढायचे नाहीत.

एकदा शेजारच्या गंगव्वा त्यांना सांगत होत्या, "आमचा अक्कलकोटचा भाचा हाय न्हवं, त्यो मुन्सफ झाला की!"

माग थांबला. गंगव्वांनी पदर सारखा केला.

"म्हंजी मुन्सफाच्या कचेरीत हाय."

माग गप्पच.

"पट्टेवाला हाय. पर मुन्सफ त्याला इच्चारल्याबिगर पाऊल टाकत न्हाय बगा."

माग गप्प.

"जाऊ द्या तिकडं! पट्टेवाला हाय!"

खटाक्-खट, खटाक्-खट. गंगव्वा पुढं महिनाभर त्या उंबऱ्याकडं फिरकल्या नाहीत.

या माणसानं मला मॅट्रिक पास केलं. स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा. आज मी तीस-चाळीस पोरांच्या वर्गापुढं खडू घेऊन उभा राहतो आणि अभ्यास कसा करावा ते ऐटीत सांगतो. त्यातला एकही शब्द माझा नाही, सगळा मामांच्या खड्ड्यातला आहे. खड्ड्यातला म्हणजे अगदी खरोखरच. त्यांचा माग जमिनीलगत, पाय खाली खड्ड्यात सोडून बसायचं. उंबऱ्यावरून बघणाऱ्याला मामा कमरेपासून वरच दिसायचे. काटकुळं अंग, अंगात बंडी, आणि उजव्या कानावर कायम सुताचा एक तुकडा अडकवलेला. कारकून जसा कानावर टाक ठेवतो तसा. ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की तो तुकडा काढून पटकन गाठ मारायची.

घरात एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन मुली, दोन्ही निजामाच्या मुलखात दिलेल्या. वर्षातून एकदा यायच्या, तेही जमलं तर. मामा मागाशी तेलुगूत बोलत, सूत आणून देणाऱ्या चाचांशी दखनीत, आणि आमच्याशी त्यांच्या खास मराठीत. त्या मराठीत सगळं जग नपुंसकलिंगी होतं. "तू आलंय? बस की."

आता त्यांची-माझी गाठ कशी पडली ते ऐका, म्हणजे माझीही लायकी कळेल. मी मॅट्रिकला एकदा आपटलो होतो. चांगला पाठीवर. माझे वडील मूळचे मोडनिंबचे, शेती भावाकडं सोपवून सोलापूरच्या गिरणीत लागलेले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादांनी निकाल ऐकला, पागोटं खुंटीला लावलं आणि विचारलं, "दत्त्या, का झालास रं नापास?"

मी काय सांगणार? वर्षभर मी पुस्तकात लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. इतक्या, की शेवटी रेघ नसलेल्या ओळी शोधाव्या लागायच्या. बाकी वेळ मोठ्यानं घोकायचं आणि घोकता घोकता रस्त्यावरची गंमत बघायची. हे सांगणं शक्य नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "समोरच्या मागाच्या आवाजात अभ्यास होत नाही. राजय्यामामांमुळं नापास झालो."

दादा सरळ माणूस. तसेच उठून समोर गेले. मी आत लपलो. बराच वेळ बोलणं चाललं होतं. परत आले ते म्हणाले, "उद्याच्याला तू तिकडं जायचं. त्यांनी बोलावलंय. आन् हे बग, यंदाचं साल शेवटचं. मी आमच्या खात्याच्या जॉबरला, मुकादमाला, सांगून ठिवलंय. पास झालास तर तुजं नशीब, न्हाय तर गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं. मला एकट्याच्यानं रेटत न्हाय आता."

शेवटचं वाक्य त्यांनी हळूच म्हटलं, पण मला तेच जास्त ऐकू आलं. दादांचा खोकला त्या वर्षी फार वाढला होता. गिरणीचा कापूस नाकातोंडात जाऊन जाऊन छातीत बसला होता. मला गिरणीत जायची भीती होती, ती त्या खोकल्याची.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं काखोटीला मारून मामांच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. आता हा म्हातारा मला फैलावर घेणार, ही खात्रीच होती. मामांनी माग थांबवला नाही, वर बघितलंही नाही.

"दत्तय्या, तू माझ्यामुळं नापास झालंस ना?"

दत्तूचं दत्तय्या तिथंच झालं, ते कायमचं. मी खाली मान घालून म्हणालो, "हो."

"मग आता माझ्यामुळंच पास हो. बस."

मी बसलो. इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत माग थांबला.

"काय झालं, मामा?"

"कोण बोलतंय? तू, का पुस्तक?"

"पुस्तकात आहे तेच मी बोलतोय."

"पुस्तकाला सगळं येतंय. ते पास हाय. तू नापास हाय. पुस्तक मिट, आन् तू बोल."

अय्यो! म्हणजे मी वाचून यायचं, पुस्तक मिटून त्यांना समजावून सांगायचं, त्यांना कळलं तर माग चालणार, नाही कळलं तर थांबणार. असा सगळा मामला. मी म्हणालो, "मोगलांच्या ऱ्हासाची कारणं पाच." खटाक्-खट. पहिलं सांगितलं, खटाक्-खट. दुसरं सांगितलं. तिसऱ्यापाशी आलो आणि तोंडातून गेलं, "आणि वगैरे वगैरे."

माग थांबला.

"वगैरे म्हंजे काय?"

"वगैरे म्हणजे बाकीची."

"बाकीची कुठली?"

मी छताकडं बघितलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

"हे बघ," मामा म्हणाले, "वगैरे आलं की समजायचं, धागा तुटलंय. तुटलं तर तुटलं. गाठ मार, पुढं चल. पण तुटलेलं तसंच विणलं की साडी फुकट." आणि त्यांनी मला पुस्तक उघडायला लावलं. तेवढंच पान वाचायचं, जिथं तुटलं तिथलं. बाकीचं नाही. त्या दिवसापासून 'वगैरे', 'इत्यादी', 'थोडक्यात' हे शब्द माझ्या तोंडी यायचे बंद झाले. आजही माझ्या वर्गात कुणी वगैरे म्हटलं की माझा हात कानाकडं जातो.

सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत, असा आमचा अभ्यास चाले. दिवा लावून अभ्यास करायला मामांची सक्त मनाई. दिव्याखाली रंग फसवतो म्हणायचे. निळा काठ हिरवा दिसतो, आणि न आलेलं आल्यासारखं वाटतं. घड्याळ त्यांच्याकडं नव्हतं आणि त्यांना ते नको होतं. अभ्यास मोजायचा तो कापडावर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. घरी आलो की आई विचारी, "आज किती झाला रं?" मी सांगे, "तीन हात इतिहास, दीड हात भूगोल." दादा जेवता जेवता म्हणत, "गिरणीत कापडाची थानं मोजत्यात, हितं अभ्यास मोजाया लागले! मोजा, मोजा."

धोट्यातली सुताची कांडी संपली की मामा ती बदलायला घेत. तेवढा वेळ माझं तोंड बंद. पुस्तकात डोकावायचं नाही, मनात घोळवायचं नाही. उठायचं, रांजणातलं पाणी प्यायचं, दारातनं बाहेर बघायचं. एकदा मी हुशारी करायला तेवढ्यात पुटपुटायला लागलो, तर म्हणाले, "कांडी बदलताना कोण विणतंय का?"

आणि संध्याकाळी विणलेलं कापड गुंडाळायच्या आधी ते त्यावरून अंगठा फिरवायचे. डोळे मिटून, सगळीकडून. कुठं गाठ वर आली, कुठं विरळ पडलं ते अंगठ्याला कळायचं. मीही तेव्हा दिवसभराचं चार-पाच वाक्यांत सांगायचं. साडी पुरी होऊन मागावरनं उतरली की ती जमिनीवर पसरायची आणि पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत मी सगळं परत म्हणायचं. मामा बोटानं जागा दाखवायचे. "हितं काय होतं?" "पानपत." "त्याच्या आधी?" "अटकेपार." "आन् हितं, ह्या काठाजवळ?" "इथं गंगव्वा आल्या होत्या, मामा. इथं काहीच झालं नाही." माग चालू नसतानाही मामांच्या चेहऱ्यावरून कळायचं की हे उत्तर पटलं.

याचा एक परिणाम असा झाला, की मंगळवार बाजारात एखाद्या बाईच्या अंगावर ओळखीची साडी दिसली की मला नैर्ऋत्य मोसमी वारे आठवायचे. मी बघत राही. एकदा त्यावरून मार खाता खाता वाचलो. अभ्यास करतोय, असं त्या बाईच्या भावाला कसं सांगायचं?

मामा नुसते ऐकत नसत, मधूनच शेरेही मारत. कुणी राजा लांबच्या मोहिमेवर निघाला की, "घरी काम नव्हतं काय त्याला?" दोन भाऊ गादीसाठी भांडले की, "बाप मेलं तेव्हा आई कुठं होतं?" आमच्या मास्तरांना असले प्रश्न कधी पडले नाहीत. मला मात्र त्यांची उत्तरं शोधावी लागायची आणि शोधता शोधता धडा पाठ होऊन जायचा. एकदा भूगोलात मी सांगत होतो, आपल्याकडचा कापूस जहाजानं विलायतेला जातो आणि तिथनं त्याचं कापड होऊन आपल्याकडंच विकायला येतं. माग थांबला.

मी घाबरून म्हणालो, "मामा, हे खरं आहे. मी वाचलंय."

"खरं हाय," ते म्हणाले. "म्हणूनच थांबलंय."

थोड्या वेळानं माग पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी भूगोल एकच हात झाला.

आता माझ्या लबाडीची गोष्ट सांगतो. सांगताना अजून कान गरम होतात. इंग्रजी मामांना येत नव्हतं. तिथं ते नुसत्या माझ्या आवाजावर चालायचे. बोलताना मी अडखळलो, आवाज हलला, की माग बंद. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझ्यातला जुना दत्तू जागा झाला. इंग्रजी माझं सगळ्यात कच्चं. मी एकच उतारा चांगला घोटून पाठ केला, वादळात बुडणाऱ्या एका जहाजाचा. आणि रोज सकाळी इंग्रजीच्या वेळी तोच म्हणायला लागलो. मागाच्या ठेक्यात, न अडखळता, मान डोलवत. खटाक्-खट, खटाक्-खट. आठ दिवस ते जहाज बुडत होतं. मामा खूश. म्हणायचे, "आज लई छान चाललंय रे." आणि मलाच वाटायला लागलं की आपलं इंग्रजी सुधारलं.

शाळेची पूर्वपरीक्षा त्याच आठ दिवसांत आली आणि निकालही लागला. तिच्यात जो टिकेल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म शाळा पुढं पाठवणार. बाकी विषयांत मी चांगला वर आलो. मास्तरांनाच नवल वाटलं. इंग्रजीत मात्र सपशेल आडवा. त्या पेपरात जहाजाचं नावसुद्धा नव्हतं. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "पंधरा दिवसांनी तुझा इंग्रजीचा पेपर मी पुन्हा घेईन. त्यात निघालास तर फॉर्म. नाहीतर पुढच्या वर्षी ये." पुढचं वर्ष मला नव्हतंच. दादा माझ्यासाठी गिरणीत जागा धरूनच बसले होते.

मी मामांकडं गेलो तेव्हा माग थांबलेला होता, आणि मी तर अजून बोललोही नव्हतो. मामा गुंडाळलेलं कापड उलगडून बघत होते. आदल्या दिवशी सकाळी विणलेल्या दोन हातांत, काठाला लागूनच, एक सरळ बारीक रेघ गेली होती. ताण्यातला एक धागा तुटला होता आणि मामांना कळलं नव्हतं. संध्याकाळी अंगठा फिरवायचंही त्या दिवशी राहून गेलं होतं. 

"असं कधी झालं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्याकडं कान होतं. एवढं छान चाललं होतं तुझं."

मग मला राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं. एकच उतारा, आठ दिवस, आणि पूर्वपरीक्षेचा निकाल. रडलोही असेन. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आठ दिवस तेच हाय, ते मला कळलं होतं."

"मग थांबवलं का नाही माग?"

"मला वाटलं, लई महत्त्वाचं असेल."

यापेक्षा त्यांनी माझ्या कानाखाली आवाज काढला असता तर बरं झालं असतं! शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते सरळ खड्ड्यात उतरले, पाय पावड्यांवर ठेवले आणि विणलेलं कापड उसवायला लागले. एक पावडी दाबायची, एक धागा मागं ओढून काढायचा. दुसरी दाबायची, दुसरा काढायचा. दोन हात विणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ ते उसवायला लागतो.

मी म्हणालो, "मामा, सुईनं भरून घ्या की एक धागा. दुकानदाराला काय कळतंय?"

"दुकानदाराला न्हाई कळणार. मला कळलंय की."

मी पुढं सरकून निघालेलं सूत धरलं. ते कांडीवर परत गुंडाळायचं काम माझ्याकडं आलं. सूत गुंडाळता गुंडाळता मी इंग्रजीचा पहिला धडा पहिल्यापासून सांगायला लागलो. इंग्रजी वाक्य म्हणायचं आणि लगेच त्याचा अर्थ मराठीत. अर्थ आला नाही की मामांचा हात थांबे. पंधरा दिवस असंच चाललं. शाळेतनं आलो की सरळ तिथं. आई भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच आणून द्यायची, दोघांची. सोलापूरची मोठी गड्ड्याची जत्रा त्याच दिवसांत होती. मी जाणार नव्हतो, पण मामांनीच एक संध्याकाळ मला हाकलून दिलं. "जा. पाळण्यात बस. कांडी बदल." त्या पाळण्यात बसून मी मोठ्यानं हसलो ते आठवतंय. त्या वर्षातलं पहिलंच हसू असेल. आणि मनात आलं, माझ्या सख्ख्या काकांनी माझ्यासाठी एवढं केलं नसतं. हे तेव्हा त्यांना बोललो नाही, आपल्याकडं कोण बोलतं असलं? आज लिहितोय, तेवढंच.

हेडमास्तरांच्या पेपरात निघालो. फॉर्म गेला. मार्च महिन्याच्या उन्हात मॅट्रिकची परीक्षा झाली आणि पुढं यथावकाश निकाल शाळेत लागला. माझा नंबर यादीत होता. मी दोनदा बघितला, मग शेजारच्या पोराला बघायला लावला. घरी धावत आलो. आईनं माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. दादा गिरणीत जाऊन जॉबरला सांगून आले, की त्या जागेवर दुसरा कुणी बघ. परत आले ते भर दुपारी पागोटं घालून गल्लीत दोन चकरा मारून आले. आईनं वाटीत साखर घेऊन घरोघरी वाटली.

पहिली साखर अर्थात मामांच्या हातावर पडली होती. त्यांनी ती तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरं झालं. उद्या सकाळी ये."

"आता कशाला, मामा? संपलं की सगळं."

"ये."

सकाळी गेलो तर माग धोतराच्या फडक्यानं झाकून ठेवलेला. मामा अंघोळ करून, पांढरी बंडी घालून जमिनीवर मांडी घालून बसले होते. मी त्यांना मागाबाहेर असं रिकामं बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवत, उचलत, पुन्हा ठेवत.

"आता मला विचार," ते म्हणाले.

"काय विचारू?"

"तुला परीक्षेत विचारलं ते. इंग्रजी नको. इतिहास आन् भूगोल. वर्षभर मी बी होतं की तिथं."

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि गुमान समोर बसलो. पेपरातले प्रश्न मला पाठच होते. मी एकेक विचारत गेलो. मामा डोळे मिटून सांगत गेले. त्यांच्या त्या मराठीत बादशहा आलं, पेशवा गेलं, फौज पळालं. पण कारणं पाच म्हणजे पाच सांगितली, तीसुद्धा क्रमानं. नद्या सांगितल्या, वारे सांगितले, काळी जमीन कुठं आणि तांबडी कुठं ते सांगितलं. एका जागी तोंडातून "वगैरे" गेलं, तर स्वतःच दचकून म्हणाले, "थांब, थांब, धरू नको ते," आणि राहिलेली दोन नावं सांगितली. एकाच प्रश्नाला गप्प झाले.

"हे तू बोललंच न्हाईस," ते म्हणाले.

खरंच होतं. तो भाग मी गाळला होता आणि पेपरातही तो प्रश्न मला सोडावा लागला होता.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. कपाळावर घाम होता.

"पास का?"

"पास, मामा."

"नीट बघ. शेजारचं हाय म्हणून करू नको."

"नाही मामा. चांगले पास आहात. खरंच."

ते उठले. दारापर्यंत गेले, गल्लीत इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि परत येऊन बसले. मग हसून, थोडं लाजून म्हणाले, "सांगावं म्हटलं. पण कुणाला सांगू? पोरी तिकडं लांब. ती असती तर तिला सांगितलं असतं."

मला तिथं बसवेना. मी तसाच उठून घरी आलो आणि चुलीपुढं बसलेल्या आईला सगळं सांगितलं. वाटलं, ही हसणार. ती हसली नाही. पिठाचे हात धुतले, पदर खोचला, डब्यातली उरलेली सगळी साखर वाटीत ओतली आणि माझ्यावरच खेकसली, "मग कालच का न्हाय घेतली त्यांची परीक्षा मेल्या? दोन फेऱ्या झाल्या की माज्या!"

गल्लीच्या तोंडापासून तिनं सुरुवात केली. बाया म्हणायला लागल्या, "अगं, काल दिलीस की साखर."

"ती माज्या पोराची. ही राजय्याभावजींची. पास झाले त्ये."

"कशात?"

"इतिहासात आन् भुगोलात. खा गप."

आणि माणसं यायला लागली. आधी गमतीनं आली, पण दारात त्या पांढऱ्या बंडीतल्या माणसाला बघून गमतीचं काही बोलावंसं कुणाला वाटलं नसावं. सूत आणणाऱ्या चाचांनी त्यांना मिठीच मारली. बाया हात जोडून गेल्या. मामा प्रत्येकाला "व्हय, व्हय, झालं," म्हणत होते. त्यांचे डोळे सारखे भरत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

संध्याकाळी दादा गिरणीतनं आले. अंगावर कापूस तसाच. आईनं वाटेतच त्यांच्या हातावर साखर ठेवली. ते तसेच मामांच्या दारात गेले, साखर तोंडात टाकली आणि खोकला आवरून मोठ्यानं म्हणाले, "काय राजय्या, कितवा नंबर आला?"

"दुसरा," मामा म्हणाले. "पहिला दत्तय्या."

वर्गात आम्ही दोघंच होतो. आणि पहिला मी नव्हतो, हे मी त्या दिवशी दादांना सांगितलं नाही.